डेन्मार्कला पाठवायचा फोटो

देशाची जगातली पत कशी वाढते, यावर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. त्यासाठी आधी दंडावर कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागते, असं मात्र त्यांतल्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. हा अनुभव आम्हा पनवेलकरांच्या वाट्याला आला. तो नोंदवून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

१९६६ सालच्या फेब्रुवारीत डेन्मार्कहून माझ्या वडिलांच्या नावे एक पत्र आलं. वडील कार्तिकात गेले होते. पत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, कारण मी ते कळवलं नव्हतं. पेडरसन नावाचे हे गृहस्थ तिकडच्या एका बंदराच्या गावात शाळामास्तर होते आणि आमचे अण्णा इथे. महायुद्धातली काही वर्षं सोडली तर अठ्ठावीस वर्षं दोघांची पत्रं चालली, भेट एकदाही झाली नाही. अण्णा गेल्याचं मी सगळ्या नातेवाइकांना, पेन्शन कचेरीला आणि ग्रंथालयालासुद्धा कळवलं होतं. एवढं एक पत्र माझ्याने लिहवत नव्हतं. डेन्मार्कमधल्या त्या एका माणसापुरते अण्णा अजून संध्याकाळी ओट्यावर बसून पत्र वाचत होते. त्यांना तिथून उठवायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते टाळत होते.

पत्र मोठं मजेदार होतं. ‘प्रिय मित्र टिपणीस,’ पेडरसन लिहीत होते, ‘आजवर आमच्या वर्तमानपत्रात तुमच्या देशाचे जे फोटो आले ते दुष्काळाचे, युद्धाचे आणि हत्तींचे. गेल्या आठवड्यात पहिल्याच पानावर तुमच्या नव्या पंतप्रधानबाई होत्या. आमच्याकडे अजून एकही बाई त्या जागेवर बसलेली नाही. भारताविषयीचं मत आमच्या गावात एकाएकी फार उंचावलं आहे, निदान निम्म्या गावात. माझी बायको त्या दिवसापासून जेवायच्या टेबलाच्या माझ्या टोकाला बसते. आमच्या छोट्या वर्तमानपत्राच्या संपादकांना प्रश्न पडला आहे की जिथे देश एक बाई चालवते, तिथे गावंही बायका चालवतात का? तुमच्या गावात एखादं सार्वजनिक काम बायकांच्या हाती असेल, तर त्याचा एक फोटो मेपूर्वी पाठवाल का?’

फोटो पाठवायचा म्हणजे सोबत पत्र आलं. पत्रात ते वाक्य आलं. पण आधी फोटो तर निघू दे, अशी मी स्वतःची समजूत घातली. माणूस एखादी गोष्ट टाळायला लागला की त्याच्यातली संघटनशक्ती किती जागी होते, हे मला त्या दोन महिन्यांत समजलं.

पहिली चूक माझीच. मी ते पत्र शेजारच्या दिनानाथकाकांना वाचून दाखवलं. काका तालुका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि डेन्मार्कचं प्रत्येक पत्र अण्णांच्या तोंडून ऐकायचा त्यांचा जुना हक्क होता. त्यांनी ते दोनदा ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “परवानगी?”

“कसली परवानगी, काका? फोटो काढायचा आणि पाकिटात घालायचा.”

“मालू, गेल्याच वर्षी लढाई झाली आहे. फोटो परदेशी जाणार. मागे कर्नाळा किल्ल्याचा सुळका आला तर?”

“आला तर काय?”

“शत्रूला पनवेल सापडेल.”

“पनवेल नकाशात आहे, काका.”

“नकाशात सुळका दिसत नाही,” काका म्हणाले. ज्याने आयुष्यभर अर्ज परत पाठवले त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले.

कचेरीत धर्मराज नावाचे कारकून होते. माणूस सज्जन. माझा अर्ज त्यांनी मन लावून वाचला आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

“बाई, परराष्ट्र हे टेबल तालुक्याला नाही.”

“मग कोणतं आहे?”

“जमीन, पीकपाणी, पुरवठा, दारूबंदी, जत्रा व उरूस. यातलं तुमचं काय बसतं?”

“यातलं काहीच नाही.”

“काहीच नाही असं टेबलही नाही,” धर्मराज म्हणाले. “बरं, माणसं किती जमणार?”

“पंचवीसतीस बायका.”

“खायला काही वाटणार?”

मी बेसावधपणे म्हटलं, “चैत्र असेल तेव्हा. आंब्याची डाळ, पन्हं...”

त्यांचा चेहरा उजळला. “मग जत्रा!” असं म्हणून त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने तसं लिहूनही टाकलं.

आंब्याची डाळ माझ्या तोंडून निघाली त्याला कारण होतं. आदल्याच संध्याकाळी प्रकरण महिला मंडळाच्या अध्यक्ष चंद्रावतीबाई गुप्ते यांच्या हाती गेलं होतं. त्या वकिलांच्या पत्नी. सभेत बोलताना त्या नेहमी एक हात टेबलावर ठेवत. टेबल नसलं तर कुणाच्या तरी खांद्यावर. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, “मालू, आता हा तुझ्या घरचा प्रश्न राहिला नाही. युरोप पाहणार आहे. नव्या पंतप्रधानबाईंच्या सन्मानार्थ आपण चैत्रगौरीचं भव्य हळदीकुंकू करू. शाळेच्या पटांगणात. खुर्चीत अध्यक्षा.”

“अध्यक्षा कोण?”

“मी नको म्हणत होते,” असं म्हणून चंद्रावतीबाईंनी पदर सारखा केला.

चैत्र लागल्यावर आठवडाभराने परवानगी आली. ‘महिला पंतप्रधान जत्रा, मौजे पनवेल’ या जत्रेस खालील अटींवर मंजुरी देण्यात आली होती. पिण्याच्या पाण्यात औषध टाकावं. गुरांचा बाजार भरवू नये. तमाशाचा फड रात्री दहानंतर चालू ठेवू नये. आणि जत्रेस येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी. लस टोचणारे पथक जागेवर हजर राहील.

“उत्तम!” दिनानाथकाका म्हणाले. “सगळं नियमात आहे.” मी गुरांकडे आणि तमाशाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, “आपण ते करणारच नाही आहोत. म्हणजे अटी पाळणं किती सोपं झालं बघ.”

निमंत्रणाचा मजकूर ठरवायला आमच्या घरी बैठक बसली. पुढच्या खोलीत चंद्रावतीबाई, मंडळाच्या तिघी, दिनानाथकाका आणि लिहायला मी. आई मागच्या दारी कैऱ्या किसत होती. कार्तिकापासून ती पुढच्या खोलीत फारशी येत नसे. तिच्याजवळ उंबऱ्याबाहेर सोनाबाई टोपली टेकून बसली होती. सोनाबाई मासळीवाली. आमच्याकडे तिचा वीस वर्षांचा रतीब होता म्हणाना. अण्णा गेल्यावर आईने मासे खायचं सोडलं, पण सोनाबाईने यायचं सोडलं नाही. टोपली उतरून ती घटकाभर बसे, बाजारातल्या भांडणांचा निकाल तिने कसा लावला ते सांगे आणि काही न विकता उठून जाई. मासळीबाजारात कुणी कुठे बसायचं, हे तिच्या शब्दावर ठरत असे.

चंद्रावतीबाईंनी मजकूर सांगितला: “आपल्या लाडक्या पंतप्रधानबाईंच्या सन्मानार्थ आयोजित केलेल्या हळदीकुंकवास समस्त सुवासिनींनी अगत्य यावे...”

“चंद्रावतीबाई,” आतून आईचा आवाज आला. किसणी थांबली होती. “त्या स्वतः आल्या, तर त्यांना बोलवाल का हो आत?”

“कुणाला?”

“पंतप्रधानांना. त्यांचे यजमान जाऊन पाच वर्षं झाली ना? ह्यांनीच पेपरातून वाचून दाखवलं होतं तेव्हा.”

ज्या बाईंच्या सन्मानासाठी एवढी जत्रा मंजूर झाली होती, त्या स्वतः आल्या असत्या तर आम्ही त्यांना दारातच थांबवलं असतं. आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुस्तकं वाचणाऱ्या माझ्यासुद्धा.

मागच्या दारातून सोनाबाई मोठ्याने म्हणाली, “म्हंजे दिल्लीवाली बाय, वयनी नं मी, तिघी भायेर.” आणि हसली.

“तांत्रिक अडचण आहे,” दिनानाथकाका म्हणाले.

“दिल्लीला तसं काही मानत नसतील,” चंद्रावतीबाईंनी चाचपून पाहिलं.

“पनवेलला मानतात ना?” आई म्हणाली. आवाज शांत होता. किसणी पुन्हा सुरू झाली.

चंद्रावतीबाईंविषयी मी इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण त्यांच्यावर हसायचं पुढे पुष्कळ आहे. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, स्वतःच्या हाताने ‘सुवासिनींनी’ हा शब्द खोडला आणि वर ‘बायकांनी’ असं लिहिलं. “कुंकू नको,” त्या म्हणाल्या. “फूल देऊ. फूल सगळ्यांना देता येतं.” मंडळाच्या एकीने विचारलं, “पण मग याला हळदीकुंकू कसं म्हणायचं?” त्यावर काका म्हणाले, “म्हणूच नका. जत्रा म्हणा, मंजुरी तशीच आहे.” सरकारी कागद कधी कुणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

“मग तू येशील?” रात्री जेवताना मी आईला विचारलं.

“डाळ पोचवायला येईन. ठेवून परत.”

“फोटोला थांब.”

“तो फोटो कशाला काढतेयस, मालू? त्या मास्तरांना ह्यांचं कळवलंस का?”

मी म्हटलं, “फोटोबरोबर कळवणार आहे.” आईने माझ्या पानात भात वाढला. तिला माहीत होतं, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे. आमच्या घरात अशाच पद्धतीने महत्त्वाची बोलणी होतात.

फोटोचं काम कमळाकरकडे होतं. तळ्याकाठी त्याचा स्टुडिओ होता. त्या सुमारास परदेशी फिल्म मिळेनाशी झाली होती. कमळाकर म्हणाला, “मालूताई, रोलमध्ये दोनच फोटो शिल्लक आहेत. एका लग्नाला दिलेला शब्द मोडून ठेवलेत तुमच्यासाठी. देशाचं काम म्हणून.” म्हणजे भारताची प्रतिष्ठा दोन फोटोंवर आली होती आणि कुठल्याशा नवऱ्यामुलाची शून्यावर.

रविवारी सकाळी पटांगणात खुर्ची मांडली. खुर्चीमागे सरळ, स्वच्छ, दिमाखात कर्नाळ्याचा सुळका. तो झाकायला दिनानाथकाकांनी घरून पलंगपोस आणला होता. त्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं धर्मराजांनी. धर्मराज अटींची अंमलबजावणी पाहायला आले होते आणि पटांगणात गुरं नाहीत याची त्यांनी लेखी नोंदही केली होती. शिवाय नगरपालिकेचे तीन सभासद न बोलावता आले आणि खुर्चीमागे उभे राहिले. “बायकांना जरा आधार वाटेल,” त्यांतले एक म्हणाले.

चंद्रावतीबाई खुर्चीत बसल्या. बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. कमळाकरने कॅमेऱ्याला डोळा लावला, “हलू नका!” म्हणून ओरडला, आणि त्याच क्षणी खाडीकडून वारा सुटला. काकांच्या हातून पलंगपोसाचं टोक निसटलं, धर्मराजांनी कर्तव्यबुद्धीने आपलं टोक सोडलं नाही, आणि ते संपूर्ण वस्त्र अध्यक्षा, सभासद व पनवेलचा समस्त महिलावर्ग यांच्यावर येऊन पडलं. तो फोटो आजही माझ्यापाशी आहे. पांढरं टेकाड, खाली चौदा पावलं, आणि मागे निर्धोकपणे उभा कर्नाळा.

बायका पलंगपोसाखालून बाहेर पडताहेत तोवर फाटकातून लस टोचणारे गृहस्थ आत आले. सोबत स्टोव्ह, पातेलं, पिचकारी आणि नोंदवही. त्यांनी विचारलं, “जत्रा हीच ना?”

पुढच्या दोन मिनिटांत किती बायकांचं दूध चुलीवर राहिलं होतं ते समजलं. कुणाला पाहुणे आठवले, कुणाला उपास. चंद्रावतीबाई मात्र जागेवरून हलल्या नाहीत. मला वाटलं, धैर्य. जवळ गेले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि कुजबुजल्या, “मला सुईची फार भीती वाटते ग. हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.”

डोळ्यांसमोर डेन्मार्कचं ते छोटं वर्तमानपत्र आलं. फोटोत रिकामी खुर्ची, तिच्यामागे नगरपालिकेचे तीन पुरुष. मी आईकडे पाहिलं. ती डाळीच्या पातेल्याशी उभी होती, परत निघायच्या बेतात.

इतक्यात सोनाबाई आली. बाजार उरकून थेट, बरोबर आणखी पाचजणी, टोपल्यांसकट. तिने पटांगणावर एकदा नजर फिरवली. बाजारात दोन होड्यांचं एकदम म्हावरं उतरलं की ती अशीच बघत असेल.

“कंचा गोंधल हाय ह्यो?” ती म्हणाली. “ए डागदर, सुई उकळलीस काय?”

“मी डॉक्टर नाही, मी—”

“उकळलीस का नाय?”

“उकळतो.” त्यांनी स्टोव्ह पेटवला.

“आनि तुमी तिघं कशाला उभं ऱ्हायलाव? फोटू बायकांचा हाय. टोचून घेवाचं आसंल तं रांगेत या.” तिन्ही सभासदांना त्याच वेळी नगरपालिकेत तातडीचं काम निघालं.

मग तिने फाटकाशी एकीला उभं केलं, निघालेल्या बायकांना नावानिशी हाका मारून परत आणलं आणि वयाप्रमाणे रांग लावली. “आमचे कोळवाड्यात तीन पोरी गेल्या पटकीनं,” एवढंच ती म्हणाली, ओरडून नव्हे. त्यानंतर कुणाला दूध आठवलं नाही. चंद्रावतीबाईंचा हात तिने आपल्या हातात घेतला. “तू मोटी ना? मंग तू पयली. माज्याकडं बघ, सुईकडं नको.” आणि आमच्या अध्यक्षाबाईंनी डोळे मिटून, सगळ्या पनवेलच्या देखत, पहिली लस टोचून घेतली. रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते तेवढ्या खऱ्या टाळ्या त्यांना एकाही भाषणाला मिळाल्या नसतील.

“नाव?” नोंदवही उघडून त्या गृहस्थांनी आईला विचारलं. ती कधी रांगेत शिरली, मी पाहिलं नव्हतं.

“वेणू सदाशिव टिपणीस.”

“दोन मिनिटं बसा. चक्कर येते कधी कधी.”

बसायला पटांगणात खुर्ची एकच होती. आई घुटमळली. चंद्रावतीबाई दंड चोळत म्हणाल्या, “बसा हो वेणूताई. मी उभी आहे.” आई बसली. रथाला घोडे जुंपावेत तशा सोनाबाईच्या पाचजणी तिच्या दोन्ही बाजूंना आपोआप येऊन उभ्या राहिल्या.

आता फक्त दिनानाथकाका राहिले होते. पलंगपोस गोळा करता करता ते त्याच्यासकट सभ्यपणे फाटकाकडे सरकत होते. सोनाबाईने पलंगपोसाचं टोक पकडलं.

“मी जत्रेत नाही!” काका म्हणाले. “मी मार्गदर्शक आहे!”

“परवानगी तुमीच आनवलीत ना? जत्रंला आला त्यानं टोचून घेवाचं. सरकारचा कागद हाय.”

काकांनी आयुष्यात प्रथमच धर्मराजांकडे नियमातून सूट मागणाऱ्या माणसासारखं पाहिलं. धर्मराजांनी कागद उघडला, ती अट वाचली आणि मान हलवली.

आणि आई हसली. पदर तोंडाशी न नेता, मोठ्याने, खुर्चीत मागे रेलून. कार्तिकापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मी तो ऐकण्यात इतकी गुंतले की कमळाकरने दुसरा फोटो कधी घेतला, हे मला कळलंच नाही.

फोटो धुऊन आला. मध्ये आई हसते आहे. एका बाजूला चंद्रावतीबाई, दंडावर कापूस धरून, मान ताठ. दुसऱ्या बाजूला एक हात वर करून हुकूम देणारी सोनाबाई, आणि तिच्यापुढे बाही दुमडणारा, निम्मा पलंगपोसात असलेला एक निवृत्त अव्वल कारकून. मागे कर्नाळा पुरता दिसतो. काकांनी फोटो बराच वेळ निरखला. “जाऊ दे,” ते म्हणाले. “शत्रूलाही कळू दे.”

दुपारी मी टेबलाशी बसले. टाळायला आता काहीच शिल्लक नव्हतं. ‘माझे वडील गेल्या नोव्हेंबरच्या बावीस तारखेला वारले,’ एवढं वाक्य इंग्रजीत लिहिलं. लिहायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आई येऊन शेजारी बसली होती.

“काय लिहिलंस?”

मी मराठीत सांगितलं. तिने मान डोलावली, टेबलावरचा टीपकागद उचलून त्या ओळीवर ठेवला आणि हलक्या हाताने दाबला.

“आता त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर लिही. बायका खरंच गाव चालवतात का, ते.”

“काय लिहू?”

“खरं ते. म्हणावं, रोज नाही चालवत. त्या दिवशी चालवलं. आणि त्यांना विचार, तुमच्या गावचा मासळीबाजार कुणाच्या हातात आहे. फोटो पाठवा म्हणावं. बायकोला खुर्चीत बसवून.”

“तू विचारतेयस असं लिहू?”

“मग काय,” आई म्हणाली, “नाव घाल माझं.”